पुढचं पान मागा

टाचणी हे काही तिचं खरं नाव नव्हे, पण ऑफिसात तिला दुसऱ्या नावाने कोणी हाक मारत नसे. ते नाव ठेवलं तिच्या मेहुण्याने, म्हणजे थोरल्या बहिणीच्या नवऱ्याने. तो त्याच ऑफिसात, तिच्या समोरच्याच टेबलावर बसायचा. दोघं एकमेकांना पाण्यात पाहत.

आधी बरीच वर्षं ती कपडे धुण्याच्या मशीनची माहितीपुस्तकं लिहायची, 'मशीन चालू असताना झाकणात हात घालू नका' असल्या सूचनांची. कारखान्याला टाळं लागलं, तेव्हा बहिणीने नवऱ्यामागे भुणभुण लावून तिला इथे चिकटवलं. ते उपकार तो रोज चहाबरोबर उगाळायचा. नवा माणूस आला की, "हिला मीच आणलं बरं का," असं तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगायचा.

"मशीन बऱ्या होत्या," ती मान वर न करता म्हणायची. "बंद केल्या की गप्प बसायच्या."

कंपनी दवाखान्यांना एआय एजंट पुरवायची. पेशंटना फोन करणं, तारखा देणं असली कामं हे संगणकातले कारकून आपले आपण उरकत. त्यांना लागणारी माहिती डेटाबेसमध्ये असे, आणि तिथल्या नोंदींची यादी काढून देणारं टूल मेहुण्याने बनवलं होतं. ते कसं वापरायचं, हे एजंटाला कळणार ते सोबतच्या वर्णनावरूनच. माणूस निदान शंका विचारतो. एजंट वाचतो आणि कामाला लागतो. ते वर्णन लिहिणं टाचणीकडे होतं.

मेहुण्याच्या कच्च्या मसुद्यात होतं, 'हे टूल सगळ्या नोंदी देतं.' तिने स्वतः चालवून पाहिलं. शंभर नोंदी आल्या आणि टूल थांबलं. तळाशी एक खूण होती. ती परत पाठवली तरच पुढचे शंभर येत. नाही पाठवली, तर टूल चकार शब्द काढत नव्हतं. तिने लिहिलं, 'एका वेळी जास्तीत जास्त शंभर नोंदी मिळतात. तळाशी खूण असेल तर यादी अपुरी आहे. ती खूण पाठवून पुढचं पान मागा.'

दुपारी पाहिलं तर तिन्ही वाक्यं गायब.

"भावोजी, हे का काढलंत?"

"टूल लंगडं वाटतं त्याने. विकायचंय आपल्याला."

"लंगडं आहेच. एजंटाला कळणार कसं?"

"तो हुशार आहे. तुझ्यासारखं सगळं शब्दाशब्दाने सांगावं लागत नाही त्याला."

तिने वाक्यं परत घातली, त्याने परत काढली. रविवारी ती बहिणीकडे जेवायला गेली, तर त्याने सगळ्यांच्या ताटावरच विषय काढला. "आमच्याकडे एक बाई आहेत," तो भाचीला म्हणाला, "त्यांना वाटतं कॉम्प्युटरसुद्धा झाकणात हात घालेल." भाची हसली. ताई आमटी वाढता वाढता म्हणाली, "जाऊ दे ना गं, सोड." टाचणीने घास गिळला, हात धुतला आणि चप्पल घालून निघाली.

सोमवारी विभागप्रमुख बाईंकडे जाऊन सांगितलं असतं, तर काम एका मिनिटाचं होतं. ती त्यांच्या दारापर्यंत गेलीही. मग तिच्या मनात आलं, जाऊ दे असंच. पडू दे एकदा तोंडावर, सगळ्यांसमोर. ती परत जागेवर येऊन बसली, आणि कित्येक दिवसांत प्रथमच तिला चहा गोड लागला.

टूल एका डोळ्यांच्या दवाखान्यात लागलं. ऑपरेशन झालेल्यांना तपासणीसाठी बोलवायचं काम एजंटाकडे होतं. त्याने यादी मागितली, शंभर जणांना फोन केले आणि काम पूर्ण झाल्याचं कळवून टाकलं. उरलेले घरी वाट पाहत बसले. त्यातल्या एका म्हातारीच्या डोळ्यात पू झाला. तिचा मुलगा तिला घेऊन धावला म्हणून डोळा वाचला, नजर मात्र अधू झाली ती झालीच.

बाईंनी बैठक बोलावली. आदल्या संध्याकाळी ताईचा फोन आला.

"चूक तुझ्याकडून राहिली म्हण. तुझं एकटीचं आहे, कसंही निभेल. आमच्या घराचं काय?"

"ताई, त्यांनी खोडलंय ते."

"माहितीये मला. म्हणून तर तुला फोन केला."

टाचणीने फोन ठेवला.

बैठकीत मेहुणा म्हणाला, "वर्णन लिहिणं यांचं काम. त्यात मर्यादेचा उल्लेखच नाही."

"मी लिहिलं होतं. दोनदा. यांनी दोन्ही वेळा काढलं," ती म्हणाली.

त्याने नाकारलं नाही. बाईंनी तिच्याकडे पाहिलं. "मग माझ्याकडे का नाही आलात?"

विसरले म्हणता आलं असतं, कामाच्या गडबडीवरही ढकलता आलं असतं. पण तिच्या डोळ्यांसमोर ती कधी न पाहिलेली म्हातारी होती.

"मला यांची फजिती बघायची होती," ती म्हणाली.

मेहुणा तिच्याकडे बघत राहिला. इतका राग त्यालाही अपेक्षित नसावा. दोघांनाही लेखी ताकीद मिळाली आणि दोघांचीही बढती अडली. वाक्यं परत वर्णनात आली, आणि एजंट पुढची पानं मागू लागले. ताईने बोलणं टाकलं. भाचीच्या वाढदिवसाचं टाचणीला दुसऱ्याकडून कळलं. एकदा ती त्या डोळ्यांच्या दवाखान्यापर्यंत गेली, बाहेरच्या बाकावर थोडा वेळ बसली आणि आत न जाता परतली.

पावसाळा सरला, तरी समोरासमोर बसून त्यांचं बोलणं कामापुरतंच होतं. एके दिवशी मेहुण्याने नव्या टूलचा कागद तिच्या टेबलावर टाकला. हे नोंदी पुसून टाकणारं होतं.

"लिही. काय लिहायचं ते लिही."

"पुसलेलं परत आणता येतं?"

"नाही."

"एकदम किती पुसतं?"

"सांगाल तेवढं. काहीच सांगितलं नाही तर सगळं." तो जरा घुटमळला. "ते आधी लिही."

"मला शिकवू नका," ती म्हणाली आणि तेच वाक्य सगळ्यात वर लिहिलं.