माटवीचा मका

फोंडाघाटाजवळच्या आमच्या वाडीत मक्याचं शुद्ध बियाणं तयार करायचं मी मनावर घेतलं. शेतकी खात्याच्या माणसाशी हुज्जत घालून मूळ बियाणं मिळवलं आणि तीन घरांना लावायला दिलं. अट एकच होती. आसपास गावठी मका फुलता कामा नये, कारण त्याचा पराग वाऱ्याने आला की सगळं बियाणं भेसळीचं होतं.

माझ्या चुलतभावाने मात्र गणपतीच्या डोक्यावर बांधतात त्या लाकडी माटवीला टांगायला म्हणून परसात गावठी मकाच लावला.

"तोडून टाक," मी म्हटलं. "माटवेक होई तितकी कणसां मी बाजारातसून आणून देतंय."

"गणपतीक विचार. तो हो म्हणालो तर तोडतंय," तो हसला.

त्याच्या मक्याचे तुरे उमलायला आले, तेव्हा मी कोयता घेऊन परसात शिरलो आणि सगळा मका आडवा केला. त्याने मागून माझ्या खांद्यावर दांडा घातला. मी त्याला चिखलात पाडलं आणि तोंडातून रक्त येईपर्यंत मारलं. वहिनीने माझे केस धरून ओढलं तेव्हा उठलो.

चतुर्थीला माझ्याकडे आरतीला कोणी आलं नाही. देवाच्या कणसांवर कोयता चालवला म्हणे! बियाणं शुद्ध निघून माझ्याकडे जमा झालं, तेव्हा मात्र तेच लोक माझ्या अंगणात येऊन उभे राहिले. आरतीला का आला नाहीस, याचं उत्तर मिळेपर्यंत मी कोणाला दाणा दिला नाही. कोणाला ताप होता, कोणाकडे पाहुणे होते.

"भियालंय तुका," चुलतभाऊ म्हणाला.

त्याला मी माप शिगोशीग भरून दिलं. बाकीच्यांचं काठाशी पुसून घेतलं.