दोन बोटं माती

ओझेलकाकांनी कापसाच्या ओळीला लागून स्क्रेपर नेला की रोपांच्या दोन्ही अंगांना दोन-दोन बोटं माती उरायची. कमी नाही, जास्त नाही. आमच्या काळ्या लोकांच्या वस्तीत तसा हात दुसऱ्या कुणाचा नव्हता. बाकीचे पुरुष एक तर गवत ठेवायचे, नाही तर गवताबरोबर कापूसही उडवायचे.

स्क्रेपर म्हणजे काही मोठं यंत्र नव्हे, एक खेचर ओढेल एवढंच अवजार. नांगराच्याच दांडीला फाळाच्या जागी एक रुंद तिरकं पातं. ते जमिनीत शिरत नाही. वरचं साल तेवढं काढतं, गवतासकट, आणि बाजूच्या सरीत लोटतं. मधे तळहाताएवढा वरंबा राहतो आणि त्यावर कापसाची दाट, हिरवी रांग. मागून आम्ही बायका लांब दांड्याच्या कुदळ्या घेऊन विरळणी करत जायचो. पंधरवड्याने तीच लोटलेली माती पुन्हा रोपांच्या बुडाला लावायची, भर द्यायची. "आधी सोलायचं, मग पांघरायचं," असं ओझेलकाका म्हणायचे. बोलणारा माणूस नव्हता तो. वर्षभरात त्यांची म्हणून सांगता येतील अशी दोन-चारच वाक्यं, त्यांतलं हे एक.

मी लग्न होऊन या टेकड्यांत आले तेव्हा विरळणीला मला त्यांच्याच मागे लावलं. शेजारच्या ओळीत त्यांची बायको, आर्झुलाकाकू. तिचं तोंड कुदळीपेक्षा जोरात चालायचं.

"ओझेल, जरा हळू! नवी पोरगी आहे. पहिल्याच दिवशी माहेरी पळून जाईल."

"खेचराला सांग," काका मागे न बघता म्हणायचे.

"खेचर ऐकतं रे माझं. तूच ऐकत नाहीस."

ऱ्होडा नावाचं ते खेचर खरंच काकूचा आवाज आला की कान हलवायचं. आम्ही हसायचो. काकांच्या मानेवरून घाम ओघळायचा आणि तेही हसत असावेत असं त्यांच्या खांद्यांवरून कळायचं.

त्यांना एकच मूल झालं होतं. ओलीटा. तिसऱ्या वर्षी घशाच्या आजारात गेली, एकोणीसशे एकतीसच्या हिवाळ्यात. मी तिला पाहिलं नाही. मी पाहिला तो तिचा निळा कप, कान तुटलेला. आमच्याकडे, मरण पावलेल्या माणसाने शेवटचं पाणी ज्यातून प्यायलं ते भांडं त्याच्या कबरीवर ठेवतात. शहरातल्या गोऱ्या लोकांच्या कबरीवर दगड असतात, नाव असतं. आमच्या चर्चमागे कप होते, बाटल्या होत्या, शिंपले होते, एका ठिकाणी तर दिव्याची काच होती. कोणाचं काय ते घरच्यांना पाठ.

आणि आमच्या कबरस्तानात गवताची काडी राहू द्यायची नाही, ही जुनी रीत. कापसाला शेवटची भर दिली, हात मोकळे झाले, की ऑगस्टमधल्या प्रार्थनासभेच्या आदल्या दिवशी सगळी वस्ती कुदळ्या घेऊन जमायची. जमीन खरवडून लाल, स्वच्छ करायची आणि प्रत्येक कबरीवर ताजी माती ओढून उंचवटा नीट करायचा. आपल्या माणसाच्या अंगावर गवत वाढू देणं म्हणजे त्याला विसरणं. ओलीटाचा उंचवटा दरवर्षी आर्झुलाकाकू करायची. काका तोवर ज्यांचं कुणी उरलं नाही अशांच्या कबरी करत फिरायचे.

त्रेचाळीस साली हे बिघडलं. तरुण मुलं लढाईवर गेलेली, बरेच पुरुष जहाजांच्या कारखान्यात. त्यात सगळा जुलै पाऊस झोडपत राहिला. कबरस्तानात गवत कमरेला लागायला लागलं, लहान उंचवटे तर बसूनच गेले. शनिवारी सकाळी आम्ही मोजून नऊ बाया आणि तीन म्हातारे. शिकागोला गेलेली आमची माणसं यायची होती, रविवारच्या पंगतीचं रांधणं बाकी होतं.

आमच्या चर्चचा कारभार बघणारे डीकन प्रेंटिस म्हणाले, "ओझेल, तुझा स्क्रेपर आण. दोन तासांत होईल."

म्हाताऱ्या लुव्हीआजी तिथेच कडाडल्या. "देवाच्या शेतात खेचर घालणार? माझ्या नवऱ्याच्या डोक्यावरून?"

"आजी, तुमच्या नवऱ्याने जन्मभर खेचरच हाकलं. त्याला बरंच वाटेल," डीकन म्हणाले.

आजींनाही हसू आलं, आणि हसू आलं तिथेच गोष्ट ठरली.

आता वाटतं, त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी मिळून एक चूक केली, आणि ती चांगल्या मनाने केली. खुराखाली काही फुटू नये म्हणून कबरींवरचे कप, बाटल्या, शिंपले आम्ही आधी उचलून घेतले आणि चर्चच्या पायऱ्यांवर मांडून ठेवले. ओलीटाचा निळा कप मीच उचलला. कोण कुठे आहे ते आम्हाला माहीतच होतं ना! मग बाया रांधायला गेल्या, काकूही गेली. तिच्यावर चाळीस माणसांच्या कोंबडीचा भार होता.

काकांनी मोठ्या कबरींच्या मधून स्क्रेपर इतका नीट नेला की संध्याकाळी आम्ही बघतच राहिलो. लुव्हीआजींनीसुद्धा मान डोलावली. सगळी जमीन अशी गुळगुळीत, की अंगणच. आम्ही उंचवटे सावरले, ज्याची त्याची वस्तू परत ठेवली. ओलीटाचा उंचवटा काकांनी आधीच रचून ठेवला होता, निळा कप डोक्याशी.

दुसऱ्या दिवशी सभेआधी काकू तिथे उभी राहिली. मी जवळच होते.

"तू रचलास?" तिने काकांना विचारलं. "माझ्यापेक्षा नीट झालाय." मग मान तिरकी करून म्हणाली, "जरा रस्त्याकडे सरकल्यासारखा वाटतो, नाही?"

"गवत गेलं की सगळंच वेगळं दिसतं," काका म्हणाले.

पुढल्या उन्हाळ्यात विरळणीला गेलो तर रोपांच्या दोन्ही बाजूंना चार-चार बोटं माती आणि त्यात गवत. आमच्या कुदळ्यांचं काम दुप्पट झालं.

"ओझेल, डोळे गेले का तुझे?" काकू मागून ओरडली. "का म्हातारपण आलं? आमच्यासाठी रान ठेवलंयस नुसतं!"

काकांनी खेचर पुढे हाकलं. पुढल्या वर्षीही चार बोटं, त्याच्या पुढल्या वर्षीही. हळूहळू आम्हीही बोलायचं सोडलं. वस्तीने ठरवून टाकलं की ओझेलचा हात गेला. प्रेंटिस तर एकदा तोंडावरच म्हणाले, "एकेकाळी तुझ्या वरंब्यावर पट्टी धरावी असं काम होतं, बाबा." काका म्हणाले, "होतं." कबरस्तानात त्यानंतर त्यांनी खेचर कधी नेलं नाही. ऑगस्टमध्ये कुदळ घेऊन यायचे आणि दूर कुंपणाशी काम करत राहायचे.

काकू मात्र दर रविवारी चर्च सुटलं की त्या उंचवट्याशी जायची. आठवड्याचं सगळं सांगायची. कोंबडी खुडूक बसली, ऱ्होडा मेली, पाऊस नाही. मी कधीतरी बरोबर असायचे. एरवी इतकं मोठ्याने बोलणारी बाई, तिथे तिचा आवाज निजलेल्या लेकराजवळ असावा तसा व्हायचा.

अठ्ठावनच्या जूनमध्ये काकांचे पाय सुजले. चार पावलं चाललं की दम लागायचा. स्क्रेपर तोवर कोठारात टांगला गेला होता, शेतांत ट्रॅक्टर फिरत होते. मी रोज सकाळी त्यांच्याकडे जायचे. त्या दिवशी आम्ही तिघं ओसरीवर होतो, काकू आणि मी चवळीच्या शेंगा सोलत, काका खुर्चीत.

काकू सरळ बोलणारी. आजाऱ्यापुढे मरणाचं नाव काढू नये वगैरे तिला नव्हतं. म्हणाली, "मी प्रेंटिसला सांगून ठेवलंय. तुझी जागा पोरीच्या डाव्या बाजूला, माझी उजव्या. मधे ती."

"तिथे नको," काका म्हणाले.

"का नको?"

"मला कुंपणाशी ठेवा. रस्त्याच्या कडेला."

काकूने शेंग खाली ठेवली. "पोटच्या लेकीजवळ पडायला तुला लाज वाटते? पंधरा वर्षं बघतेय मी. एकदाही तिच्या कबरीला हात लावला नाहीस तू. त्या एका वर्षी रचलीस तेवढीच. दगड आहेस का?"

"झुला," ते काकूला अशीच हाक मारायचे, "तिथे खणू नका." त्यांचा श्वास वर आला होता. "तिला फावडं लागेल."

मी उठायला लागले तर त्यांनीच हाताने बसवलं. मला वाटतं, ऐकायला कुणीतरी तिसरं असावं असं त्यांना वाटत असावं.

मग त्यांनी सांगितलं. कबरस्तानात एक देवदार आहे, त्याच्यापासून रस्त्याकडचा पट्टा त्यांनी शेवटी घेतला होता. पावसाने तिचा उंचवटा बसलेला होता, गवतात दिसत नव्हता, पण आपली पोर कुठे आहे हे बापाला विचारायचं का? देवदारापासून अकरा पावलं, त्यांना पक्कं ठाऊक होतं. ऱ्होडाने मान खाली घालून ओढ घेतली. ते जाऊन आले, पुन्हा जाऊन आले. पातं नेहमीसारखं चाललं, कुठे अडलं नाही, कुठे उचललं नाही. मग थांबून मागे पाहिलं तर सगळा पट्टा सपाट.

"पावलं टाकली मी," काका म्हणाले. "पण खोडाच्या कुठल्या बाजूने मोजायची? आणि पावलं कोणाची, तुझी का माझी? अकरा हा आकडा तुझ्या तोंडून ऐकलेला, झुला. मी कधी मोजलंच नव्हतं. बारा वर्षं तूच जात होतीस. मी गुडघ्यावर बसून हाताने चाचपलं, कुठे माती मऊ लागते का. सगळीकडे सारखीच लागली. मग वाटलं तिथे उंचवटा रचला."

ओसरीवर शेंगांचा ढीग तसाच पडला होता. काकूने विचारलं, "पंधरा वर्षं मी कुणाशी बोलत होते?"



तिने पुन्हा शेंग उचलली आणि सोलायला लागली.

त्यानंतर आठ दिवस ती त्यांच्याशी बोलली नाही. चाकरीत कसूर केली नाही. कोमट पाण्याने पाय पुसायची, मक्याची पेज भरवायची, उशी बदलायची, पण तोंडातून अक्षर नाही. काका तिच्याकडे बघत राहायचे. मी एकदा धीर करून म्हटलं, "काकू, माणूस जायला निघालाय." ती म्हणाली, "मला ठाऊक आहे, पोरी. पण आत शब्दच नाही. मी काय करू?" मी घरी येऊन गुडघे टेकले आणि देवाकडे तिच्यासाठी एक शब्द मागितला. एकच. नवव्या दिवशी सकाळी ती काकांजवळ पेला घेऊन गेली आणि म्हणाली, "पाणी घे." त्यांनी घोट घेतला. दुपारी ते गेले.

त्यांना कुंपणाशी ठेवलं, त्यांनी मागितलं तिथे. वस्तीत कुजबुज झाली. काकूने खुलासा केला नाही आणि मीही केला नाही.

ऑगस्टमध्ये कबरस्तानाच्या सफाईला ती सगळ्यांत आधी आली. कमरेला जुना एप्रन, हातात कुदळ. ओलीटाच्या म्हणून असलेल्या उंचवट्यापाशी गेली, निळा कप उचलून एप्रनच्या खिशात टाकला. मग देवदाराच्या बुंध्याशी जाऊन दोन्ही बाजूंची माती मधे ओढायला लागली, विरळणीनंतर कापसाला ओढतात तशी. हातभर, दोन हात, पाच हात. तो जुना उंचवटा तिच्या वरंब्यात मिसळून गेला तरी ती थांबली नाही.

प्रेंटिस काठी टेकत आले. "आर्झुला, अगं ही कसली कबर? इथे काय साप पुरलाय?"

"माझी पोर आहे या पट्ट्यात," ती म्हणाली. "कुठे आहे ते देवाला ठाऊक. मला एवढं ठाऊक आहे की उघडी नको." आणि मग सगळ्यांसमोर, कुदळ न थांबवता, तिने त्रेचाळीस सालची गोष्ट सांगून टाकली. चार वाक्यांत. कुणाला बोल न लावता.

प्रेंटिसनी टोपी काढली. स्क्रेपर आण, असं त्यांनीच म्हटलं होतं. आणि तो कप उचलणारी मी होते. मी माझी कुदळ घेतली आणि तिच्या समोरच्या अंगाने माती ओढायला लागले. मग दुसरी आली, तिसरी आली. दोन्हीकडून भर देत देत आम्ही वरंबा रस्त्याकडे नेला. कुंपणाशी काकांची ताजी कबर त्याच रेघेत होती. वरंबा तिथे जाऊन टेकला.

काकूने खिशातून कप काढला. हातात धरून वरंब्याकडे बघत राहिली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मला विचारलं, "कुठे ठेवू, पोरी?"



शेवटी तिने तो काकांच्या डोक्याशी ठेवला, बाजूला त्यांचा पाणी प्यायलेला पेला होता, त्याला लागून. दोन बोटांनी थोडी माती ओढून कप घट्ट बसवला. मग गुडघ्यावर बसूनच त्यांच्याशी बोलली, तिच्या नेहमीच्या, शेतातल्या आवाजात नव्हे, त्या दुसऱ्या आवाजात.

"पातं लागेल म्हणून चार बोटं सोडत होतास ना, ओझेल. आणि मी म्हणत होते, म्हातारा झालास."

उठताना तिने माझा हात धरला. पंगतीचं रांधायचं होतं. आम्ही दोघी कुदळ्या खांद्यावर टाकून निघालो.