टॅक्स भरणारी पोर

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी मी एका कंपनीसाठी शहाद्याच्या आसपास केळीच्या बागा मोजत फिरले. बेचाळीस हजार ठरले होते, हातात आले सदतीस हजार आठशे. बाकीचे कंपनीने टॅक्स म्हणून कापून सरकारला भरले. मी कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, टॅक्स कापल्याचा तो कागद लॅमिनेट करून आणला.

आमच्याकडे महत्त्वाचा कागद लॅमिनेट होतोच. माझी दहावीची मार्कशीट, आजोबांचा मृत्यूचा दाखला, सगळं गुळगुळीत. हा कागद मात्र थेट ओट्यावरच्या भिंतीवर लागला. आल्यागेल्याला चहाआधी बातमी मिळायची, "मन्ही पोर इनकम टॅक्स भरस." केळीचे व्यापारीसुद्धा मला अहोजाहो करू लागले.

मग ऑनलाइन सेंटरवाल्याने सांगितलं, एवढ्याशा कमाईला टॅक्सच लागत नाही, रिटर्न भर, सगळे परत मिळतील. मी तिथेच नाचायची बाकी होते. बी.एड.च्या फीला नेमके चार हजार कमी पडत होते. रिटर्न भरलं. ते पक्कं करायला ओटीपी लागतो, आणि माझ्या आधारला नंबर आप्पांचा. मी फोन लावला.

"आप्पा, ओटीपी सांगा."

"कसाले?"

"टॅक्सना पैसा परत लेवाना शे."

आप्पा म्हणाले, "दिधेल पैसा परत मांगतस का कोनी?" आणि फोन बंद.

ओटीपी वाया गेला. मी तणतणत गावची एसटी पकडली आणि घरात पाय ठेवताच सुरू झाले. तुमच्या मिरवण्यापायी माझं बी.एड. बुडेल, वर्ष जाईल! आप्पा कागदाकडे बघत म्हणाले, "पैसा परत लिधा म्हंजे तुन्ही कमाई कमी शे, हाई गावले समजी जाई."

कमाई कमीच होती. उन्हातान्हात बागा तुडवून कमीच. माझा राग कुठल्या कुठे गेला आणि त्यांच्याइतकीच लाज मलाही वाटली.

"गावले कोन सांगी?" मी म्हटलं.

त्यांनी मुकाट्याने फोन पुढे केला.

पैसे आले, वर थोडं व्याजही आलं. बी.एड. झालं. आता मी शाळेत शिकवते आणि पगार टॅक्सच्या आसपासही फिरकत नाही. कागद अजून भिंतीवर आहे. परवा घरी गेले तर आप्पा एका पाहुण्याला तेच ऐकवत होते. पाहुण्याने कौतुकाने माझ्याकडे बघितलं.

"हाव ना," मी म्हटलं, "भलता टॅक्स कापतस."