दत्तूच्या मशीनपाशी

आजारी माणसाच्या उशाशी तीन वर्षं बसलं, की किस्से न बोलावता साठतात. सांगायला गेलं तर ऐकणारा आधी हसतो, मग गप्प होतो.

दत्तू माझा धाकटा भाऊ. नसांच्या आजारानं त्याचे हातपाय गेले, गिळणं गेलं, मग श्वास. आता गळ्याला भोक, त्यात नळी, नळीला व्हेंटिलेटर. कळंब्यात घरीच असतो. नुसते डोळे हलायचे. वर बघितलं की व्हय, मिटले की न्हाय. मी सायकलींची पंक्चरं काढून म्हातारा झालो. मशीनवरचे आकडे मला वाचता येत नाहीत.

*

गडहिंग्लजचं पावणं भेटायला आलं. मशीन ओरडायला लागलं, तर पावण्यानं बटण दाबून आवाज बंद केला. "आजारी माणसाला तरास नको."

दत्तू घामानं भिजलेला, ओठ काळेनिळे. त्याची बायको मंगल धावत आली, नळीत अडकलेला कफ ओढून काढला, तेव्हा कुठं रंग परतला.

पावणं हळूच म्हणालं, "मला वाटलं, चार्जिंग झालं."

*

शेजारच्या आक्कांनी जोतिबाचा पेढा कणभर त्याच्या जिभेवर ठेवला. "देवाचं कुणाला बाधतंय व्हय?"

तिसऱ्या दिवशी ताप, नळीतून हिरवा कफ. न्यूमोनिया. बारा दिवस दवाखान्यात.

आक्का अजून दारातूनच हात जोडतात. मंगल म्हणते, "आत या की." येत नाहीत.

*

एकदा मी डॉक्टरांना फोन लावला. "साहेब, डावी बाजू फुगंना."

"मशीनची?"

"न्हाय, दत्तूची. आत कुठंतर पंक्चर हाय."

हसले नाहीत. अँब्युलन्स धाडली. फुप्फुस फुटून वारा छातीत साठला होता.

*

दत्तूला गिळता येत नाही, त्याच्यासमोर कसं प्यायचं, म्हणून मंगल रोज सकाळी विचारून चहा घ्यायची. "पिऊ का?" तो वर बघायचा. कधी मुद्दाम डोळे मिटायचा. मग ही म्हणायची, "बरं, अर्धाच पिते."

एका सोमवारी तिनं विचारलं. डोळे वर गेले नाहीत. मिटलेही नाहीत.

डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारून बघितलं. "आता डोळ्यांची ताकदही गेली. त्यांना ऐकू येत असेल. सांगता येणार नाही."

चार दिवस ती विचारत राहिली, आणि गार झालेला चहा मोरीत ओतत राहिली.

पाचव्या दिवशी मी म्हणालो, "मंगल, पी. व्हय म्हणालाय."

"तुमी बघितलंसा, भावजी?"

"व्हय की."

ती उठली, चहा परत गरम करून आणला, आणि त्याच्या पलंगाच्या काठावर बसून प्याली.