नायिका मेली आणि रोवणा अडला

माझ्या आईच्या हातात पुस्तक आलं की घर कामातून गेलंच समजा. चुलीवरचा भात करपायचा, घरभर वास सुटायचा, पण तिला पत्ता नाही. बाबा ओरडले की पानावर बोट ठेवून म्हणायची, "उतरवून घ्या न जी मंग, तुमाले हात नाही काय?"

बरं, मोठ्या बाईनं मोठ्यांची पुस्तकं वाचावी न! ते नाही. अड्याळच्या वाचनालयात तिनं माझ्या नावानं वेगळं कार्ड काढलं होतं, लहान मुलांच्या कपाटासाठी. बाजाराच्या दिवशी आम्ही दोघी कोंढ्याहून एसटीनं जायचो. एक जाड कादंबरी तिची, एक चित्रांचं पुस्तक माझं. आणि परतीच्या गाडीत माझंच पुस्तक ती आधी उघडायची! आळशी बेडकाची गोष्ट वाचून एकटीच खो खो हसायची, गाडीतले लोक वळून पाहायचे. मी तेव्हा दहा वर्षांची. मी हात ओढला की म्हणायची, "थांब न वो, बेडूक लग्नाले निघून राहिला." घरी पोचेपर्यंत सगळा शेवट सांगून मोकळी. मला असा राग यायचा, काय सांगू!

गोंदिया जिल्हा वेगळा होऊन तीन-चार वर्षं झाली असतील. त्या साली सगळ्यांचे पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, एकदमच रोवायला आले आणि रोवण्याला बाया मिळेनात. शेजारचा शेतकरी बायांना न्यायला ट्रॅक्टर पाठवायचा, वर चहा आणि भजे. आमच्याकडे ट्रॅक्टरही नाही, भजेही नाहीत. शेताच्या पाच बांध्या चिखल करून तयार, आणि पऱ्हे पिवळे पडायला लागले. अजून आठ दिवस गेले असते तर त्या पऱ्ह्यांचं गवत झालं असतं. वर्षभराचं खाण्याचं धान त्या पाच बांध्यांतूनच यायचं. बाबांनी दाढी करणं सोडलं.

"मी आणते बाया," आई म्हणाली.

ती रोवणाऱ्या बायांच्या टोळीच्या म्हातारीकडे गेली. गावच्या नात्यानं ती आमची मोठीमाय. तिला आई म्हणाली, "बाई, आमच्या वावरात चला. आत्ताच एक कादंबरी वाचून झाली, पहिल्या पानापासून सांगते." रोवताना बाया गाणी म्हणतात, ती तर दरवर्षीचीच. कादंबरी नवीन होती. चौदा बाया आल्या, ट्रॅक्टर सोडून!

कादंबरी होती डोंगरातल्या एका नर्सची. नवरा निघून गेलेला, ही गावोगावी चालत जाऊन बायांची बाळंतपणं करते. आई रोवत रोवत सांगायची, बाया वाकून ऐकायच्या आणि हात असे चालायचे की बाबांना पऱ्ह्यांच्या जुड्या पुरवता पुरवेनात. दोन दिवसांत तीन बांध्या झाल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळीच नर्स मेली.

आता थोडी अक्कल असलेल्या माणसानं हे मरण पाचव्या बांधीपर्यंत लांबवलं असतं की नाही? पण आईचं वाचन प्रामाणिक. जिथं आलं तिथं सांगितलं.

चौदा कंबरा एकदम सरळ झाल्या.

"मेली? कायनं मेली?"

"तापानं."

"नर्स होती न थे? तिच्याजवळ गोळी नव्हती?"

एक बाई रडायलाच लागली. मोठीमायनं हातातली जुडी फेकली आणि बांधीच्या कडेला धुऱ्यावर जाऊन बसली. "दोन दिवस कंबर मोडून आमी तिच्या मागं हिंडलो, अन् तू तिले मारून टाकली?"

"मी नाही मारली जी. पुस्तकात तसंच आहे."

"मंग जिवंत कर."

"नाही जमत."

बायांनी पाय धुतले आणि घरी गेल्या. दोन बांध्या तशाच पडल्या, चिखलाच्या.

संध्याकाळी बाबांनी घर डोक्यावर घेतलं. "जिवंत कर न तिले! तुह्या बापाचं काय जाते?"

"काहून खोटं बोलू? ज्यानं लिवलं त्याचा शेवट. मी कोण बदलवणार?"

"घरात दाणा नाही राहणार, तवा खाजो तुहं पुस्तक!"

मीही बाबांच्या बाजूनं होते. बेडकाचा हिशेब बाकी होता माझा. पण आई काही हलली नाही. भात वाढला आणि कुणाकडे न पाहता जेवली.

सकाळी बाबा धुऱ्यावर उभे राहून वाट पाहत होते. कुणी येईना. सात वाजले, आठ वाजले. आई आणि मी दोघीच चिखलात उतरलो. दोघींनी दोन बांध्या रोवायच्या म्हणजे देवच आठवावा. मला तर रडूच आलं. तेवढ्यात रस्त्यावरून आवाज ऐकू आले. बाया भांडत येत होत्या. चौदाच्या चौदा.

मोठीमाय थेट बांधीत उतरली. "तू बोलू नको आता. आमी रातच्यानं ठरवलं. थे नाही मेली."

"बाई, पुस्तकात..."

"पुस्तक ठेव घरी! तीन दिवस ताप होता. जिचं बाळंतपण केलं तिनंच पेज पाजली. चवथ्या दिवशी उतरला."

"पेज नाही, काढा," दुसरी म्हणाली.

"अवं, पेजच! अन् नवरा आला वापस, तं तिनं दारातूनच हाकलला."

इथं चौदाही जणी एकमतानं खूष. हात पुन्हा चालायला लागले. फक्त आईचे थांबले. हातात जुडी, पोटरीपर्यंत चिखल, आणि नजर मोठीमायच्या तोंडावर. ते पुस्तक तिनं दोनदा वाचलं होतं, शेवट तिला पाठ होता.

"बाई," ती हळूच म्हणाली, "खरंच जगली न जी?"

"जगली वो माय. चांगली म्हातारी होऊन राहिली. रोव आता."

आणि माझी आई भर बांधीत हुंदके देऊन रडायला लागली. मी तिला असं रडताना कधीच पाहिलं नव्हतं. माझा सगळा राग गेला, मला फक्त तिला धरून उभं राहावंसं वाटलं.

धुऱ्यावरून बाबा ओरडले, "आता कायले रडून राहिली? जगली न थे!"