स्टेशनसमोरचं हॉटेल आणि मागची खिडकी

मूर्तिजापूरला स्टेशनसमोर आमचं हॉटेल आहे. आजोबांनी काढलं, वडिलांनी वाढवलं, आता मी चालवतो. खाली चहा-नाश्ता, वर मुक्कामाच्या खोल्या. दर्यापूरकडून छोटी गाडी येत होती, तेव्हा माणसं इथे उतरून मोठ्या गाडीची वाट पाहत आमच्याकडे बसायची. ती गाडी बंद पडली, हॉटेल टिकलं. का टिकलं, ते मी येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानानं सांगायचो : आजोबांनी कधी कुणाला दारातून परत पाठवलं नाही, कुणाची जात विचारली नाही.

मागच्या हिवाळ्यात माझ्या मुलीनं लग्न ठरवलं. मुलगा अमरावतीला तिच्याच ऑफिसात, दर्यापूरच्या बौद्ध घरातला. भावकीत कुजबुज झाली, पण वडील म्हणाले, "करून टाका ना मंग, काहून थांबता?" आणि विषय मिटला.

बोलणी करायला मुलाचे आईवडील आणि आजोबा आले. आजोबा निवृत्त हेडमास्तर, कमी बोलणारे. मी त्यांना हॉटेलातच पुढच्या टेबलावर बसवलं, वडील, बायको आणि मुलगीही येऊन बसली, चहा मागवला आणि आमचा तो अभिमान त्यांनाही ऐकवला.

हेडमास्तरांनी कप खाली ठेवला.

"तुमाले हे कोनी सांगतलं?"

कोणी सांगितलं, ते मला आठवेना. घरात सगळे तसंच म्हणायचे.

"मागं एक खिडकी होती," ते म्हणाले. "तिच्याखाली दगडावर कान तुटलेले कप असत. आमच्या लोकाईसाठी. पिऊन झालं का आपनच धुवाचे. दीक्षेसाठी आमी नागपूरले निंगालो, तवा बानं मले तिथं चहा पाजला. कपाले किटली लागू नये म्हनून वरून ओतत."

त्यांना दुसरं कुठलं तरी हॉटेल आठवत असेल, असं मला वाटलं. वडील चूक दुरुस्त करतील म्हणून मी त्यांच्याकडे पाहिलं. ते टेबलाकडे बघत होते.

"ओतनारा मीच होतो," वडील म्हणाले. "लहान होतो. किटली दोन हातानं धरा लागे."

बायकोनं मुलीचा हात धरला.

"परत येतानी बा खिडकीकडं गेला नाई," हेडमास्तर सांगत होते. "समोरून आत आला अन् बाकावर बसला."

"माह्या बापानं त्याईले दंड धरून बाहेर काढलं," वडील म्हणाले. "मी पायलं. तो मानूस हसत हसत गेला."

"हसत नव्हता," हेडमास्तर म्हणाले. "मी त्याचं बोट धरून होतो. रडत होता."

वडिलांनी टेबलावरून नजर उचलून त्यांच्याकडे पाहिलं. इतकी वर्षं त्यांनी तो माणूस हसराच आठवणीत ठेवला होता.

"बाबा, ते कप कधी गेले?" मी विचारलं.

"तू झाला तवाही होते. माहा बाप गेल्यावर मी खिडकी बुजवली. तुले चांगलं तेवढंच सांगतलं."

हेडमास्तर मुलीकडे वळले. "बेटा, मी लग्न मोडाले आलो नाई. तू आमच्या घरी येऊन राहिली, तर हे तुले मालूम पाहिजे." वडिलांनी उठून हात जोडले. हेडमास्तरांनी ते पाहिलं, पण हात जोडले नाहीत. "बसा," एवढंच म्हणाले.

ते गेल्यावर मी अकोल्याला जठारपेठेतल्या चुलतकाकांना फोन लावला. ते हसले. "अरे, तवा सगळ्याईकडंच होतं तसं. तुले मालूम नोतं?" त्या हसण्यानं मी दुसऱ्यांदा हादरलो. घरात सगळ्यांना माहीत होतं, फक्त मलाच नव्हतं.

उन्हाळ्यात दर्यापूरला लग्न झालं. काका आले नाहीत. वडील आले. बुद्धवंदनेला सगळे उभे राहिले, तेव्हा गुडघे धरून तेही उभे राहिले. जेवताना हेडमास्तर त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसले. दोघं बराच वेळ काही बोलत होते. काय, ते मी अजून विचारलेलं नाही. घरी येताना गाडीत वडील खिडकीकडे तोंड करून रडत होते.