देखरेखीची अट

डॉक्टरांचं सगळं आयुष्य हातांवर चाललं. अडलेल्या गायीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून वासरू कसं अडकलंय ते नुसत्या बोटांनी ओळखायचे. बायको म्हणायची, "गायीच्या पोटातलं सापडतं, कपाटातला सदरा तेवढा सापडत नाही."

मग उजवा हात थरथरू लागला. बायकोला वाटलं, वय झालं. खरं काय ते एकट्या बापूला कळलं. बापू म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, दवाखान्यात कंपाउंडर. भूल दिलेलं मांजर टेबलावर असताना डॉक्टरांच्या हातून ब्लेड खाली पडलं. बापूनं दुसरं घेतलं आणि स्वतःच धरून उभा राहिला. "दाजी, तुम्ही फक्त सांगा."

तेव्हापासून दार लावून बापू कापायचा, शिवायचा. डॉक्टर शेजारी उभं राहून सांगायचे आणि नंतर नॅपकिनला हात पुसत बाहेर येऊन मालकाशी बोलायचे.

एका शिक्षिकेच्या कुत्रीच्या वेळी घात झाला. गर्भपिशवी काढायचं रोजचं ऑपरेशन. बाहेर कुणी आरडाओरडा केला म्हणून डॉक्टर मधेच गेले, तोवर बापूनं टाके घालून टाकले. पुढं कुत्री खायची थांबली. दुसऱ्या दवाखान्यात पोट उघडलं तर आत रक्त टिपायची गॉजची घडी राहिलेली, सडलेली. कुत्री गेली. शिक्षिकेनं पशुवैद्यक परिषदेकडे तक्रार केली.

नोटीस आली तेव्हा बापू दवाखान्याच्या पायरीवर मटकन बसला.

"मी जाऊन सांगतो. चूक माझी आहे."

"गाढवा, नोंदणी नसलेल्या माणसानं ब्लेड धरलं, हा गुन्हा आहे. तू तुरुंगात जाशील आणि माझं नाव नोंदणीतून कायमचं जाईल. माझ्या हातून निष्काळजीपणा झाला म्हटलं तर ताकीद देतील. फार तर काही महिने घरी बसवतील."

"ताईला काय सांगणार?"

"तिला सांगायला कशाला हवं? मी घरी बसणार, हीच तिला मोठी शिक्षा."

बापू हसला नाही.

सुनावणीच्या खोलीत लांब टेबल होतं आणि खुर्च्या फार जवळजवळ. डॉक्टर उजवा हात मांडीखाली दाबून बसले. समितीचा अध्यक्ष कॉलेजात त्यांच्या मागच्या वर्गात होता; टाके घालायला शिकला तो त्यांच्याकडे बघून. शिक्षिकेनं एकच विचारलं, "आत टाकलेल्या घड्या परत मोजत नाही तुम्ही?"

"त्या दिवशी नाही मोजल्या."

दिवसभरात ते एवढंच खरं बोलले.

समिती आतल्या खोलीत जाऊन आली. अध्यक्षाचा चेहरा मोकळा झाला होता.

"सर, तुमचं नाव आम्ही काढत नाही. इतक्या वर्षांत तुमच्याविरुद्ध दुसरी तक्रार नाही. फक्त एक अट. कॉलेजात येऊन आमच्या सर्जनच्या देखरेखीखाली थोड्या शस्त्रक्रिया करायच्या. त्यांनी होकार दिला की दवाखाना पुन्हा तुमचा. तुमच्या तर हातचा मळ."

डॉक्टरांनी दाराकडे पाहिलं. हात चालत नाही म्हणावं, तर पुढचा प्रश्न ठरलेला: मग इतके दिवस कुणाचा चालत होता? आणि बापू दाराबाहेर बाकावर बसला होता.

"नाव काढून टाका," ते म्हणाले.

"काय?"

"नोंदणीतून काढून टाका. मीच सांगतोय."

"अहो सर, आम्ही तुम्हाला वाचवतोय!"

"कळतंय मला. काढा."

शिक्षिकेनं पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट पाहिलं. तिला तो पश्चात्ताप वाटला. तिचे डोळे भरून आले आणि बाहेर जाताना ती त्यांच्यापाशी थांबली. "असं कुणी करत नाही हो," ती हळूच म्हणाली. त्यांना तिच्याकडे मान वर करून बघवेना. तिनं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

बाहेर बापू ताडकन उठला. "काय झालं, दाजी?"

"सुटलास तू."

बापूनं भिंतीला पाठ टेकली, मोठा श्वास सोडला. "मग सोमवारची मांजरं आहेत ती... त्यांना या म्हणून सांगू ना?"

"दुसरीकडे पाठव."

"किती दिवस?"

डॉक्टर जिना उतरायला लागले. बापू वरच उभा होता. "दाजी, किती दिवस?" त्यानं पुन्हा विचारलं, या वेळी आवाज बारीक झाला होता.